पटायाहून बेटावर: तीस बाटची बोट आणि इतर प्रश्न

थंडीच्या सुट्ट्या जवळ आल्या की थायलंडबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली निम्मी पटायाजवळच्या बेटांवर स्वतःचं स्वतः, सार्वजनिक वाहनांनी कसं जायचं याबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. भाडी थायलंडच्या बाटमध्ये आहेत. एक बाट म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये.

प्रश्न: आमच्या सहलीत पटायाला एक दिवस मोकळा आहे. एजंट त्या दिवशी "कोरल आयलंड, स्पीडबोट आणि भारतीय जेवण" असा जादा पैशांचा कार्यक्रम घ्या म्हणतो. तिथे साधी बोट जात नाही का? – वाचक, नाशिक

उत्तर: जाते, रोज जाते. जाहिरातीतलं कोरल आयलंड म्हणजे को लान नावाचं बेट. ते पटायाच्या किनाऱ्यापासून साधारण साडेसात किलोमीटरवर आहे. बेटावर वस्ती आहे, शाळा आहे, दुकानं आहेत, म्हणून गावकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी मोठ्या लाकडी दुमजली बोटी रोज ये-जा करतात. त्यांतून कोणीही जाऊ शकतं. भाडं एका बाजूचं ३० बाट, प्रवास ४० ते ४५ मिनिटांचा. आगाऊ आरक्षण नाही, पासपोर्ट दाखवावा लागत नाही.

बोटी बाली हाय धक्क्यावरून सुटतात. हा धक्का पटायाच्या दक्षिण टोकाला, वॉकिंग स्ट्रीट जिथे संपते त्याच्या पुढे आहे. इथून दोन वेगवेगळ्या मार्गांच्या बोटी निघतात. एक जाते ना बानला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाला. दुसरी थेट तावेन किनाऱ्याला. ना बानसाठी सकाळी ७, १०, १२, दुपारी २, साडेतीन, ५ आणि शेवटची संध्याकाळी साडेसहा, असं वेळापत्रक बरीच वर्षं चालत आलं आहे. तावेनच्या बोटी सकाळी ८ च्या सुमाराला सुरू होतात आणि दुपारी एकच्या आसपास थांबतात. शनिवार-रविवारी आणि थाई सणांना जास्तीच्या बोटी सोडतात, समुद्र खवळला तर कमी होतात. म्हणून आदल्या संध्याकाळी त्या बाजूला फिरायला गेलात की धक्क्यावरच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुसऱ्या दिवशीची घाई वाचते.

नवख्या माणसाची फसगत होते ती धक्क्याच्या तोंडाशी. आत शिरता शिरता टेबल टाकून बसलेले स्पीडबोटवाले दिसतात, हातात फोटोंच्या फायली असतात. "मोठी बोट गेली, आता दोन तास नाही" हे वाक्य तिथे ऐकायला मिळतंच. कधी खरं असतं, बहुतेकदा नसतं. वाद घालू नका, न थांबता धक्क्याच्या पार शेवटापर्यंत चालत जा. मोठ्या बोटी तिथे लागतात आणि तिकिटंही तिथेच मिळतात. चढण्यापूर्वी एकच शब्द विचारा: "ना बान?" किंवा "तावेन?" दोन्ही बोटी दिसायला सारख्याच असतात. चुकीच्या बोटीत बसलात तरी पोचाल बेटावरच, फक्त उतरल्यावर वेगळ्या बाजूला असाल.

खर्चाचा हिशोब चौघांच्या कुटुंबासाठी असा: बोटीचे जाऊन-येऊन २४० बाट, हॉटेल ते धक्का आणि परत शेअर गाडीचे ८० बाट, बेटावर गावातून किनाऱ्यावर जाण्या-येण्याचे दोन-तीनशे बाट. म्हणजे सव्वापाचशे ते सव्वासहाशे बाटमध्ये चौघांचा प्रवास. जेवण आणि खुर्च्यांचं भाडं वेगळं.

आता दुसरी बाजू. पॅकेजची स्पीडबोट वाटेत समुद्रातल्या तरंगत्या फलाटाला थांबते, तिथे पॅरासेलिंग असतं. काही पॅकेजांत शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्याचाही कार्यक्रम असतो. तीस बाटची बोट अशी कुठेही थांबत नाही. मुलांना तेच करायचं असेल तर पॅकेज घ्यावं, त्यात काही चूक नाही. नुसतं समुद्रात डुंबायचं, वाळूत बसायचं आणि संध्याकाळी परतायचं असेल तर त्यासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही.

प्रश्न: पटायात रस्त्यावरच्या निळ्या गाडीवाल्याला धक्क्यापर्यंतचं भाडं विचारलं तर तो ३०० बाट म्हणाला. मित्र म्हणतो १० बाट लागतात. खरं काय? – वाचक, ठाणे

उत्तर: दोन्ही खरं. फरक तुमच्या विचारण्यात आहे.

या गाड्यांना सोंगथेव म्हणतात. मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली, वर छप्पर घातलेली पिकअप. चालतात आपल्याकडच्या वडापसारख्या: ठरलेल्या रस्त्याने, वाटेत हात दाखवेल त्याला घेत. मात्र रिकामी उभी असलेली गाडी गाठून तुम्ही "अमुक ठिकाणी किती?" असं विचारलंत की चालक धरून चालतो की तुम्हाला अख्खी गाडी हवी आहे. मग २०० सांगेल, ३०० सांगेल. तो त्याच्या बाजूने खोटं बोलत नसतो.

योग्य रीत अशी. चालत्या गाडीला हात दाखवा. मागे आधीच दोन-चार माणसं बसलेली असतील ती गाडी उत्तम. काही न विचारता मागून चढा. उतरायचं ठिकाण आलं की छताला लावलेलं बटण दाबा, गाडी थांबते. खाली उतरून चालकाच्या खिडकीपाशी जा आणि माणशी १० बाट द्या. पटायाच्या दक्षिणेच्या ज्योम्तियेन किनाऱ्यासारख्या लांबच्या पल्ल्याला २० लागतात. सुटे द्या. शंभराची नोट दिलीत तर उरलेले परत मिळायला वेळ लागतो, पाचशेची तर काढूच नका.

रस्ते लक्षात ठेवायला सोपे आहेत, कारण मुख्य दोन्ही रस्ते एकदिशा आहेत. समुद्रालगतच्या बीच रोडवर वाहनं उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, मागच्या सेकंड रोडवर दक्षिणेकडून उत्तरेकडे. धक्का दक्षिणेला, म्हणून जाताना बीच रोडची गाडी आणि येताना सेकंड रोडची. बीच रोडची गाडी वॉकिंग स्ट्रीटच्या कमानीपाशी डावीकडे वळते. तिथेच उतरा आणि सरळ वॉकिंग स्ट्रीटमधून चालत जा. रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी मात्र झाडलोट चाललेली असते आणि लहान मुलांना घेऊन जायलाही काही अडचण नाही. दहा-पंधरा मिनिटांत धक्का येतो.

हॉटेल ज्योम्तियेनला असेल तर थापराया रस्त्यावरून पटायाकडे जाणारी गाडी घ्या आणि साउथ पटाया रस्त्याच्या चौकात उतरा. पुढे चालत. चालायचं नसेल तर त्या चौकापासून मोटारसायकल टॅक्सी मिळते. नारिंगी जाकीट घातलेले चालक असतात, भाडं बसण्याआधी ठरवायचं. ग्रॅब आणि बोल्ट ही अॅपही पटायात चालतात. तिघं-चौघं असाल, सामान असेल किंवा सकाळी सातची बोट पकडायची असेल तर अॅपवरची गाडी हाच शहाणपणा. इतक्या लवकर शेअर गाड्या तुरळक असतात.

प्रश्न: ना बान की तावेन? कुठल्या बोटीने जावं? बेटावर फिरायची सोय काय? – वाचक, कोल्हापूर

उत्तर: बेटावर काय करायचं आहे त्यावर अवलंबून.

तावेन हा बेटावरचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात गजबजलेला किनारा. बोटीतून उतरलात की पुढ्यात वाळू, खुर्च्या, उपाहारगृहं, अंघोळीच्या खोल्या. स्पीडबोटीची सगळी पॅकेजं बहुधा इथेच येतात, त्यामुळे सकाळी १० ते दुपारी ३ पर्यंत जत्रा असते. बेटावर कुठे हिंडायचं नाही आणि एका जागी बसायचं आहे, तर ही बोट. आणखी एक फायदा: भारतीय पद्धतीचं जेवण मिळण्याची शक्यता इथेच जास्त.

बाकी सगळ्यांनी ना बानची बोट धरावी. बोटी जास्त, दिवसभर, आणि परतीची शेवटची बोटही उशिराची. ना बानला समुद्रस्नानाचा किनारा नाही, ते गाव आहे. धक्क्यावरून बाहेर पडलं की शेअर सोंगथेव आणि मोटारसायकल टॅक्सी उभ्या असतात. कुठल्या किनाऱ्याला किती, याचे दर फलकावर लिहिलेले असतात. साधारण माणशी २० ते ४० बाट. सोंगथेव भरल्यावर निघते, त्यामुळे बोट लागल्या लागल्या लगेच गाडीकडे चला. धक्क्यावर फोटो काढत पंधरा मिनिटं घालवलीत तर पुढची गाडी भरायला पुढची बोट यावी लागते.

कुठला किनारा निवडावा? समे हा पश्चिमेकडचा, रुंद वाळूचा, पाणी स्वच्छ. पोहणाऱ्यांनी आणि मुलं बरोबर असणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. तियेन त्याहून लहान आणि निवांत. दक्षिणेकडचा नुआल किनारा मंकी बीच म्हणून ओळखला जातो, कारण शेजारच्या टेकडीवर माकडं आहेत. खाण्याच्या पिशव्या बंद ठेवा. एका दिवसात एक किनारा, फार तर दोन. चार किनारे "करून" येणारे लोक बहुतेक वेळ गाडीची वाट बघण्यात घालवतात.

खुर्चीचं भाडं साधारण ५० ते १०० बाट, दिवसभरासाठी. शौचालय आणि गोड्या पाण्याच्या अंघोळीला सुट्टी नाणी लागतात. एटीएम आणि सेव्हन-इलेव्हनचं दुकान ना बानमध्ये आहे, किनाऱ्यावर त्यांच्या भरवशावर राहू नका. आपल्या कार्डावर थाई एटीएम प्रत्येक वेळी दोनशे बाटच्या वर शुल्क कापतं, तेव्हा रोख पटायातूनच घेऊन निघालेलं बरं.

पोहताना दोऱ्या आणि तरंगत्या गोळ्यांनी आखलेल्या भागाच्या आतच राहा. हे घाबरवण्यासाठी नाही. स्पीडबोटी थेट वाळूपर्यंत येतात आणि त्यांच्या चालकाला पाण्यावर आलेलं एखादं डोकं दिसेलच असं नाही.

प्रश्न: शेवटची बोट चुकली तर? – वाचक, पुणे

उत्तर: ना बानहून पटायाला शेवटची बोट संध्याकाळी ६ ला, तावेनहून ५ ला. तावेनची चुकली तर गाडी करून तडक ना बान गाठा, डोंगर ओलांडून दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. ना बानचीही चुकली तर उरते स्पीडबोट. त्या वेळी भाव तुमच्या गरजेवर ठरतो. एकट्या-दुकट्याने पूर्ण बोट करण्यापेक्षा आणखी कोणी अडकलंय का ते पाहून वाटून घ्या. किंवा मुक्काम करा. ना बानमध्ये साध्या खोल्या मिळतात, शनिवारी सोडून. सकाळी साडेसहाच्या सुमाराला परतीची पहिली बोट असते.

सूर्यास्त पाहून परतायचं असेल तर हिशोब जमत नाही हे आधीच सांगतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि बोटही सहालाच सुटते. सूर्यास्त हवा असेल तर मुक्काम हवा.

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, बोटही लागते. तिला नेता येईल का? – वाचक, सातारा

उत्तर: मोठ्या बोटीने नेता येईल, स्पीडबोटीने नेऊ नका. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, ते हादरे कंबर आणि मणक्याला बसतात. शिवाय बेटावर ती धक्क्याला न लागता वाळूपाशी थांबते. शिडीवरून मांडीइतक्या पाण्यात उतरावं लागतं. मोठी बोट धक्क्याला लागते.

तरी मोठ्या बोटीतही चढता-उतरताना एक मोठी ढांग टाकावी लागते. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीची कड धक्क्याच्या वर किंवा खाली असते. बोटीवरची माणसं हात देतात, पण गर्दीत ढकलाढकली होते. म्हणून सगळे चढून झाल्यावर शेवटी चढा आणि शेवटी उतरा. बसायला खालचा मजला, बोटीच्या मध्यावर. तिथे हेलकावे सगळ्यात कमी. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि उभा आहे, त्या वाटेला जाऊच नका.

बोट लागू नये म्हणून अव्होमिनसारखी गोळी घेत असाल तर ती निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. सकाळची बोट निवडा, दुपारनंतर वारा वाढतो. आईसाठी तावेनची बोट सोयीची, कारण उतरल्यावर पुन्हा गाडीत चढ-उतर नाही. चाकाच्या खुर्चीतून मात्र हा प्रवास जवळपास अशक्य आहे. बोटीवर उताराची फळी नाही.

प्रश्न: को लानला गर्दी फार असते असं ऐकलं. पटायाहून को समेतला सार्वजनिक वाहनाने कसं जायचं? एका दिवसात परत येता येईल का? – वाचक, मुंबई

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. येता येईल, पण जाऊ नये. एका बाजूला साडेतीन ते चार तास लागतात. दोन तास बेटावर काढण्यासाठी सात-आठ तास प्रवास होतो. किमान एक रात्र मुक्काम ठेवा.

को समेत पटायाच्या नाही, शेजारच्या रायोंग प्रांतात आहे. बोटी सुटतात बान फे या गावातून. पटायाहून तिथवर ८०-९० किलोमीटर. जाण्याचे दोन मार्ग.

सोपा मार्ग म्हणजे मिनीव्हॅन. पटायातल्या कुठल्याही प्रवासी कचेरीत "बान फे" म्हणून जागा मिळते, भाडं २०० ते ३०० बाटच्या आसपास, बहुतेक हॉटेलवरून घेऊन जातात. आदल्या दिवशी नाव नोंदवा. व्हॅनबरोबर बोटीचं परतीचं तिकीटही गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतो. घ्यायचं असेल तर एवढं बघा की ते कोणत्या धक्क्याचं आहे. बान फेला एकाच रस्त्यावर अनेक खासगी धक्के आहेत आणि परतीचं तिकीट ज्या कंपनीचं त्याच कंपनीच्या बोटीत चालतं. परतताना हातात वैध तिकीट असूनही दुसऱ्या बोटीचे पैसे पुन्हा भरणारे लोक असतात ते याच कारणाने. मुक्काम अनिश्चित असेल तर एका बाजूचंच तिकीट घ्या, परतीला स्वस्त पडतं असं काही नाही: एकेरी साधारण ५०, दुहेरी १००.

स्वस्त मार्ग टप्प्याटप्प्याचा. आधी सुखुमवित महामार्गावर या. पटायाचे किनाऱ्याकडून येणारे सगळे आडवे रस्ते याच महामार्गाला मिळतात. रायोंगकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्याच्या पलीकडल्या, म्हणजे समुद्रापासून लांबच्या बाजूने जातात. तिकडेही वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, म्हणून दक्षिणेकडे जायचं तर पूर्वेची कड. पादचारी पुलाने ओलांडा, धावत ओलांडू नका, तो आठ पदरी रस्ता आहे. तिथून रायोंगच्या व्हॅन मिळतात, सुमारे दीड तास, शंभर बाटच्या आसपास.

रायोंगला गोंधळ होतो तो बस स्थानकाचा. स्थानकं दोन आहेत: क्रमांक १ शहरात, क्रमांक २ शहराबाहेर. बान फेच्या सोंगथेव क्रमांक १ वरून सुटतात. गाडीत बसतानाच चालकाला "बान फे" सांगून ठेवा, म्हणजे तो योग्य ठिकाणी उतरवतो. क्रमांक २ ला उतरावं लागलं तर तिथून शहरात जाणारी शेअर गाडी घ्यायची. क्रमांक १ ते बान फे हे २० किलोमीटर, भाडं २५-३० बाट, वेळ पाऊण तास, कारण ती थांबत थांबत जाते. मोठी बॅग असेल तर हा मार्ग त्रासदायक आहे. पाठीवरच्या पिशवीवाल्यांसाठी ठीक.

बान फेहून को समेतच्या ना दान धक्क्याला बोट अर्ध्या-पाऊण तासात पोचते. सकाळी ८ पासून संध्याकाळी ५-६ पर्यंत साधारण तासाला एक. पटायाहून दुपारी दोनच्या आत निघा म्हणजे शेवटची बोट धाकधूक न होता मिळते.

बेटावर पोचल्यावर आणखी दोन खर्च आहेत, जे तिकिटात धरलेले नसतात आणि त्यावरून लोक वाद घालतात. ना दान धक्क्याचं शुल्क २० बाट. आणि को समेत हे राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, १९८१ पासून. त्याचं प्रवेश शुल्क परदेशी प्रौढांना २००, मुलांना १०० बाट. थाई नागरिकांना पुष्कळ कमी असतं. त्याबद्दल चिडण्यात अर्थ नाही, ताजमहालालाही आपण तेच करतो. हे शुल्क धक्क्यावरून साय केओ किनाऱ्याकडे जाताना नाक्यावर घेतात. पावती जपून ठेवा, पुन्हा विचारली जाते.

साय केओ किनारा धक्क्यापासून चालत दहा मिनिटं. लांबच्या किनाऱ्यांसाठी हिरव्या सोंगथेव आहेत, भाडं अंतराप्रमाणे. पुरेशी माणसं नसली तर पूर्ण गाडीचे पैसे मागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खोली साय केओच्या आसपास घ्यावी.

एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला अपाय करणारी सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ब्युटिलपॅराबेन आणि ४-मिथिलबेन्झिलिडीन कॅम्फर ही चार द्रव्यं असलेली क्रीम नेता येत नाहीत. दंडाची मर्यादा एक लाख बाट. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबांवर पहिली दोन नावं सापडतात. झिंक ऑक्साइडचं क्रीम घ्या, नाहीतर सरळ पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. तोच जास्त टिकतो.

प्रश्न: पटायाहून को चांग एका दिवसात? – वाचक, नागपूर

उत्तर: नाही. को चांग कंबोडियाच्या सीमेलगतच्या त्रात प्रांतात आहे, पटायाहून धक्क्यापर्यंतच चार-पाच तास आणि मग बोट. तीन रात्री असतील तरच विचार करा.

प्रश्न: बेटावर स्कूटर भाड्याने घ्यावी का? भारतीय परवाना चालतो का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: दुकानदार परवाना न बघता २००-३०० बाटला दिवसभर स्कूटर देतो, म्हणून तो लागत नाही असा समज आहे. पोलिसाने अडवलं तर दंड होतो, तो एक वेळ परवडेल. खरा प्रश्न अपघाताचा. प्रवास विम्याची कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते. वैध परवाना नसेल तर रुग्णालयाचं बिल तुमचं.

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून निघण्यापूर्वीच काढायचा: नमुना ४-ए, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, शुल्क १,००० रुपये, पासपोर्टची प्रत. मुदत एक वर्ष. मूळ परवान्यावर दुचाकीची नोंद असायला हवी. फक्त मोटारीचा परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही मोटारीपुरताच मिळतो, आणि बरेच जण इथेच फसतात.

को लानचे रस्ते अरुंद, चढ खडे, वळणांवर वाळू पसरलेली. ज्यांनी घाटात दुचाकी चालवलेली नाही त्यांनी इथे शिकू नये. घेतलीतच तर अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका, छायाप्रत आणि रोख रक्कम द्या. ताबा घेताना स्कूटरभोवती फिरून चित्रफीत काढा, जुने ओरखडे दुकानदाराच्या देखत दाखवून. भाड्याच्या जेट स्कीचं तेच. परत करताना नसलेल्या नुकसानीचे हजारो बाट मागण्याचे प्रकार पटायात इतके जुने आहेत की आमचा सल्ला ती भाड्याने घेऊच नये असा आहे.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, त्यातले दोघे जैन. बेटावर उपाशी राहावं लागेल का? – वाचक, इचलकरंजी

उत्तर: उपाशी नाही, पण पर्याय कमी. अडचण मांसाची नसते, माशाच्या पाण्याची असते. नाम प्ला नावाचा माशाचा अर्क भाजीत, भातात, सॅलडमध्येही पडतो. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मांस काढतात, नाम प्ला राहतो. "माय साय नाम प्ला" म्हणजे ते घालू नका. "जे" हा शब्द जास्त उपयोगी: थाई बौद्धांचं व्रताचं जेवण, त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. बटाटा, गाजर मात्र असतं, म्हणून जैन मंडळींना त्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. फळं, नारळपाणी, साधा वाफेचा भात सगळीकडे मिळतो. ठेपले, खाकरे, दाण्याची चटणी बरोबर असू द्या. बोटीवर किंवा वाळूत बसून खायला कोणी अडवत नाही, उपाहारगृहाच्या खुर्चीत बसून खाल्लं तर अडवतात.

प्रश्न: जून-जुलैमध्ये बोटी चालू असतात का? आमच्याकडे किल्ल्याच्या बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असतात. – वाचक, मालवण

उत्तर: चालू असतात. को लानची बोट बारा महिने चालते. आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा मोकळ्या अरबी समुद्रावरून येऊन थेट धडकतो. पटाया थायलंडच्या आखातात आत आहे, त्यामुळे लाटा तेवढ्या उसळत नाहीत. जून-जुलैत पाऊस सरींनी पडतो, मधे ऊन असतं. सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात. वादळी वाऱ्याचा इशारा निघाला तर बंदर अधिकारी बोटी थांबवतात, लहान बोटी आधी, मोठ्या नंतर. त्या दिवशी कोणी "माझी बोट जाते" म्हणाला तर जाऊ नका.

या महिन्यांत समे आणि तियेन या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाटा जास्त असतात. लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नये. मे ते ऑक्टोबरमध्ये को समेतला पाऊस आजूबाजूच्या बेटांपेक्षा कमी पडतो, को चांग बेटावर भरपूर. समुद्र शांत आणि हवा कोरडी हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या मध्यावर, १३ ते १५ तारखांना, सोंगक्रान हा त्यांचा नववर्षाचा सण असतो. तेव्हा बोटीसाठी रांगा लागतात आणि रस्त्यावर कोरडं राहणं कुणालाच जमत नाही.

प्रश्न: आमचं विमान पहाटे बँकॉकला उतरतं. त्याच दिवशी थेट को लान करता येईल का? – वाचक, सोलापूर

उत्तर: कोणत्या विमानतळावर उतरता ते तिकिटावर पाहा. सुवर्णभूमीहून पटायाला थेट बस आहे. तळमजल्यावर, ८ क्रमांकाच्या दाराजवळ तिकीट खिडकी. सकाळी ७ पासून साधारण तासाला एक, भाडं दीडशे बाटच्या आसपास, दोन तास. बस सुखुमवित रस्त्यावरच्या नॉर्थ, सेंट्रल आणि साउथ पटाया या चौकांत थांबत ज्योम्तियेनच्या थापराया रस्त्यावर संपते. हॉटेल कोणत्या रस्त्याजवळ आहे ते आधी पाहून ठेवा आणि त्याच चौकात उतरा. शेवटपर्यंत बसून राहिलात तर तेवढंच मागे यावं लागतं.

स्वस्त विमानकंपन्यांची विमानं पुष्कळदा डॉन मुआंगला उतरतात. तिथून ए-१ क्रमांकाच्या बसने मो चित बस स्थानक आणि तिथून पटायाची बस. सकाळच्या रहदारीत यात चार तास सहज जातात.

सुवर्णभूमीहून सातची बस मिळाली तर नऊ-सव्वानऊला पटाया. हॉटेलात खोली दुपारी दोनच्या आधी मिळत नाही, पण सामान ठेवून घेतात. बाराची बोट धरून पाच-साडेपाचला ना बानच्या धक्क्यावर परत, एवढं बसतं. पण रात्रभर जागून दुपारच्या उन्हात वाळूत बसणं कुणाच्याच तब्येतीला मानवत नाही, मुलांच्या तर नाहीच. तो दिवस आरामाला ठेवा, संध्याकाळी बाली हायला जाऊन फलक पाहून या, आणि दुसऱ्या दिवशी सातची बोट धरा. आठला समेच्या वाळूत असाल, पॅकेजच्या स्पीडबोटी यायला त्यानंतर दोन तास असतात.